मॅग्नेट आधी ठेवायचा की थंड आधी करायचं? वाल्टर माइसनर आणि १९३३ चं प्रकरण

कॉलेजला असताना सायन्स एक्झिबिशनमध्ये तो तरंगणारा मॅग्नेट पहिल्यांदा पाहिला. थर्माकोलची वाटी, तिच्यात सुपरकंडक्टरची (खूप थंड केलं की ज्याचा विजेला होणारा विरोध, म्हणजे रेझिस्टन्स, शून्य होतो अशा पदार्थाची) काळी चकती, वरून लिक्विड नायट्रोजन ओतला की भसाभस पांढरी वाफ, आणि खळखळ थांबली की सरांनी प्लास्टिकच्या चिमट्याने नखाएवढा मॅग्नेट वर नेऊन सोडला तर तो खाली पडेचना, चकतीच्या वर हवेत गरगर फिरत राहिला. सर म्हणाले, "रेझिस्टन्स झीरो झाला म्हणून तरंगतो." आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मागून एका पोराने विचारलं, "सर, मॅग्नेट आधीच चकतीवर ठेवला आणि मग नायट्रोजन ओतला तर?" सर म्हणाले, "तेच होणार, त्यात काय."

आता गंमत बघा. होतं खरंच तेच, चकती पुरेशी थंड झाली की वर ठेवलेला मॅग्नेट आपोआप उठतो, मी नंतर स्वतः करून पाहिलंय. पण रेझिस्टन्स झीरो झाला म्हणून नाही! नुसता रेझिस्टन्स झीरो झाला असता तर पहिल्या वेळी तरंगला असता आणि दुसऱ्या वेळी जागचा हलला नसता. त्या पोराचा प्रश्न म्हणजे फिजिक्समधला एक आख्खा अध्याय आहे, आणि तो ज्या माणसाच्या नावावर आहे तो माणूस मूळचा मेकॅनिकलवाला. मीही मेकॅनिकलवाला असल्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे, हे आधीच कबूल करतो.

फ्रिट्झ वाल्टर माइसनर. जन्म बर्लिनमध्ये, १६ डिसेंबर १८८२. शार्लोटेनबुर्गच्या टेक्निकल कॉलेजात मशीन इंजिनियरिंग शिकला, मग फिजिक्सकडे वळला आणि १९०७ मध्ये डॉक्टरेट घेतली ती थेट माक्स प्लांककडे, विषय थिअरीचा, रेडिएशन प्रेशर. म्हणजे एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात प्लांकची समीकरणं, असं कॉम्बिनेशन. जर्मनीत अशा लोकांसाठी वेगळं नावच आहे, टेक्निकल फिजिसिस्ट. आपल्याकडे हे नाव ऐकलं की लोकांना वाटतं हा फिजिसिस्टपेक्षा एक पायरी खालचा, लॅब असिस्टंटपेक्षा एक पायरी वरचा. तसं नाही. ज्याला उपकरण नुसतं वापरता येत नाही तर नसेल तर उभं करता येतं, आणि आकडा आल्यावर त्याचा अर्थही लावता येतो, तो हा माणूस.

१९०८ मध्ये तो बर्लिनच्या पीटीआरमध्ये लागला. फिजिकालिश-टेक्निशे राइशसान्स्टाल्ट, नाव लांबलचक आहे, आपण पीटीआरच म्हणू. आपल्या दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसारखी सरकारी मोजमापाची संस्था, १८८७ ची, वेर्नर फॉन सीमेन्सने जोर लावून उभी करायला लावलेली, पहिले प्रेसिडेंट हेल्महोल्ट्झ. याच संस्थेत भट्ट्यांच्या रेडिएशनची इतकी बारकाईने मापं घेतली गेली की १९०० मध्ये प्लांकला क्वांटम, म्हणजे एनर्जी ठरावीक तुकड्यांतच मिळते ही कल्पना, काढावी लागली. थोडक्यात, 'आम्ही फक्त मोजतो' म्हणणारी जागा, पण मोजता मोजता जग हलवायची तिची सवय जुनी.

माइसनर तिथे कमी तापमानाच्या कामात शिरला. आणि कमी तापमान म्हटलं की त्या काळात एकच गाव, हॉलंडमधलं लायडन. तिथे कामरलिंग ओन्नेसने १० जुलै १९०८ ला हेलियम पहिल्यांदा द्रवरूप केला, ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ डिग्रीच्या आसपास, आणि १९११ मध्ये त्याच हेलियममध्ये बुडवलेल्या पाऱ्याचा रेझिस्टन्स एकदम गायब झालेला पाहिला. सुपरकंडक्टिव्हिटी. १९१३ मध्ये नोबेल. त्यानंतर तब्बल पंधरा वर्षं अख्ख्या जगात लिक्विड हेलियम फक्त लायडनमध्ये मिळायचं! कोणाला सुपरकंडक्टरवर काही करायचं असेल तर लायडनचं तिकीट काढा. १९२३ मध्ये टोरांटोने जमवलं, आणि तिसरा नंबर बर्लिनचा, मार्च १९२५, माइसनरचा.

इथे जरा थांबतो, कारण हे 'तिसरा नंबर' प्रकरण लोक एका ओळीत उरकतात. हेलियमचा लिक्विफायर म्हणजे फ्रिज नव्हे. आधी हवा द्रव करायची, तिने हायड्रोजन गार करून तो द्रव करायचा, मग त्या हायड्रोजनने हेलियम आणखी गार करायचा आणि शेवटी दाबाखालचा हेलियम एका बारीक व्हॉल्व्हमधून सोडायचा की त्यातला थोडासा थेंब थेंब साचतो. तीन मजली उतरंड, आणि मधल्या मजल्यावर हायड्रोजन, जो कुठे गळला आणि ठिणगी पडली तर लॅब राहणार नाही. त्यात हेलियम आणायचा कुठून? अमेरिकेकडे नैसर्गिक वायूच्या विहिरींमधून भरपूर होता, पण तो त्यांनी एअरशिपसाठी राखून ठेवलेला. जर्मनीत मग हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या प्लांटमध्ये शेवटी जे निऑन-हेलियमचं मिश्रण उरतं त्यातून हेलियम वेगळा करायचा. हवेत हेलियमचं प्रमाण किती, तर दहा लाखांत पाच भाग. आणि हे सगळं १९२२ ते १९२५ या काळात, म्हणजे ज्या वर्षी बर्लिनमध्ये पावासाठी नोटांची थप्पी न्यावी लागत होती ते १९२३ साल मधोमध. मला त्या नंतरच्या मोठ्या शोधापेक्षाही कधीकधी हेच जास्त भारी वाटतं, पण ते जाऊ दे.

हेलियम हातात आल्यावर माइसनरने काय केलं, तर आपल्या सरकारी संस्थेला शोभेल असंच केलं, एकेक धातू घेऊन बुडवत सुटला. टँटलम, थोरियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम, नायोबियम, हे सुपरकंडक्टर आहेत हे बर्लिनच्या लॅबमधून आलं. नायोबियम लक्षात ठेवा, नऊ केल्विनच्या वर जाणारा हा एकमेव शुद्ध धातू नेहमीच्या दाबाला, आणि आज कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात एमआरआयच्या बोगद्यात झोपता ना, त्या भोवतीच्या कॉइलमध्ये नायोबियम-टायटॅनियमची तार असते, माइसनरच्या यादीतली दोन नावं एकत्र. पुढे त्याने कार्बाइड आणि नायट्राइड, म्हणजे धातूंची कार्बन आणि नायट्रोजनबरोबरची संयुगंही बुडवली, नायोबियम कार्बाइड दहा केल्विनच्या वर गेलं. १९२९ मध्ये तर कॉपर सल्फाइड. हे शाळेतल्या प्रयोगशाळेत काळी पावडर म्हणून पडलेलं असतं, ते १.६ केल्विनला सुपरकंडक्टर! तांबं स्वतः होत नाही, गंधक होत नाही, दोघं मिळून होतात.

आता मूळ प्रकरण. १९३३ साली सुपरकंडक्टरबद्दल सगळ्यांना काय वाटत होतं हे समजून घेतल्याशिवाय पुढची मजा कळणार नाही.

सगळ्यांना वाटत होतं की सुपरकंडक्टर म्हणजे परफेक्ट कंडक्टर, बास. ज्याचा रेझिस्टन्स शून्य त्याच्या आतलं मॅग्नेटिक फील्ड बदलू शकत नाही, कारण बदलायला गेलं की लगेच करंट तयार होऊन तो बदल हाणून पाडतो आणि रेझिस्टन्स नसल्यामुळे तो करंट कधी विरतच नाही. मॅक्सवेलची समीकरणं घेऊन दोन ओळीत निघतं. मग यातून दोन गोष्टी आपोआप येतात. एक, आधी थंड करा आणि नंतर मॅग्नेट जवळ आणा, तर फील्ड आत शिरणार नाही. दोन, मॅग्नेट आधी ठेवा आणि मग थंड करा, तर जे फील्ड आत आहे ते तिथेच गोठून बसेल. ओल्या सिमेंटवर कुत्र्याचं पाऊल उमटतं आणि सिमेंट सुकलं की ते कायमचं तिथेच राहतं, तसं. म्हणजे एकाच तापमानाला, एकाच फील्डमध्ये ठेवलेले शिशाचे दोन तुकडे, पण एकाच्या आत फील्ड आणि दुसऱ्याच्या आत नाही, कारण काय तर दोघांचा इतिहास वेगळा!

आणि याला पुरावा होता की. लायडनमध्ये १९२४ च्या सुमारास ओन्नेस आणि टाउन यांनी शिशाचा गोळा घेऊन हे तपासलं होतं आणि फील्ड आत अडकलेलं दिसलं होतं. फक्त तो गोळा पोकळ होता. भरीव गोळा थंड करायचा म्हणजे धातू जास्त, धातू जास्त म्हणजे हेलियम जास्त उडणार, आणि हेलियम तेव्हा सोन्यापेक्षा मोलाचा, म्हणून पोकळ घेतला, हिशोब बरोबरच होता. पण पोकळीत फील्ड अडकतं ही पोकळीची करामत, धातूची नव्हे, आणि लायडनच्या नावाला वजन इतकं की पुढे जवळजवळ दहा वर्षं कोणी भरीव तुकडा घेऊन तो प्रयोग पुन्हा केला नाही. करायचा कशाला, उत्तर माहीतच होतं. (आपल्याकडे ऑफिसात "हे आधी ट्राय केलंय, होत नाही" असं कोणी सीनियर म्हणाला की फाइल कशी दहा वर्षं बंद होते, अगदी तसंच.)

बर्लिनमध्ये गोष्ट सुरू झाली ती वेगळ्याच प्रश्नावरून. माक्स फॉन लाऊए, एक्स-रे आणि क्रिस्टलसाठी १९१४ चं नोबेल मिळालेला, हा पीटीआरचा थिअरीचा सल्लागार होता, म्हणजे आठवड्यातून येऊन लॅबवाल्यांशी डोकं लावायचं. लायडनच्या डी हासच्या मोजमापात एक विचित्र गोष्ट आली होती, तार फील्डला आडवी ठेवली की जेवढ्या फील्डला सुपरकंडक्टिव्हिटी मोडायला हवी त्याच्या साधारण अर्ध्यालाच मोडायला लागते. लाऊए म्हणाला यात विचित्र काही नाही, फील्डला आत जाता येत नाही म्हणून रेषा तारेच्या दोन्ही कुशींना दाटतात, तिथे फील्ड दुप्पट होतं, म्हणून अर्ध्यातच मोडतं. नदीच्या मधे खांब असला की पाणी खांबाच्या कडेने जोरात जातं, तेच. मग पुढचा साहजिक प्रश्न, सुपरकंडक्टरमधला करंट नक्की कुठून वाहतो, पृष्ठभागावरून की आख्ख्या जाडीतून? आणि हा प्रश्न कागदावर सोडवायचा नाही, मोजायचा.

मोजायला माइसनर होता आणि त्याच्या हाताखाली रॉबर्ट ऑक्सेनफेल्ड नावाचा तिशीतला तरुण, १९०१ चा जन्म. मांडणी डोळ्यासमोर आणा, कारण ती खरंच साधी आहे. धातूच्या दोन लांब भरीव सळ्या, शेजारी शेजारी समांतर, मधे मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट. कथील आणि शिसं, दोन्ही धातूंवर करून पाहिलं. त्या फटीत एक चिमुकली कॉइल, जी बाहेरून अर्धा फेरा फिरवता येते. कॉइल १८० अंशांनी फिरवली की तिच्यातून जाणारं फील्ड उलटं होतं, तिच्या टोकांना क्षणभर व्होल्टेज येतं, आणि वर जोडलेल्या बॅलिस्टिक गॅल्व्हनोमीटरचा काटा एकदा हिसका मारतो. हिसका किती मोठा, त्यावरून फटीत फील्ड किती. बस्स. फिरवा, हिसका वाचा, लिहा. पुन्हा फिरवा.

या पद्धतीत एक गोष्ट आपोआप घडते आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथे आहे. फील्ड बदललं की मोजणारी कॉइल असेल तर तुम्हाला फील्ड चालू-बंद करावं लागतं, काहीतरी बदलल्याशिवाय ती बोलतच नाही. फिरणाऱ्या कॉइलला तशी गरज नाही. फील्ड लावून ठेवा, हात लावू नका, नुसतं तापमान खाली आणत जा आणि मधूनमधून कॉइल फिरवून विचारत राहा, "आता किती?" शिसं सुपरकंडक्टर होतं ते ७.२ केल्विनला, म्हणजे हेलियमच्या उकळत्या तापमानाच्या वरच. कथिलासाठी ३.७, म्हणजे हेलियमवर व्हॅक्यूम पंप लावून त्याची वाफ ओढत ओढत ४.२ च्या खाली जावं लागतं, पंपाचा व्हॉल्व्ह जेवढा उघडाल तेवढं खाली. फील्ड अगदी कमी, काही गॉसचं, आपल्या पृथ्वीचं अर्धा गॉस असतं त्याच्या आसपासच्याच घराण्यातलं.

परफेक्ट कंडक्टरच्या हिशोबाने काय व्हायला हवं? काहीच नाही. फील्ड आधीपासून लावलेलं, ते सळ्यांमधून आरपार जातंय, सळ्या सुपरकंडक्टर झाल्या तरी फील्ड बदललेलं नाही, मग करंट कशाला तयार होईल. काट्याचा हिसका आधी जेवढा तेवढाच यायला हवा.

तापमान त्या रेषेच्या खाली गेलं आणि हिसका मोठा आला.

फटीतलं फील्ड वाढलं होतं. बाहेरून कोणी काही वाढवलं नव्हतं. फटीत वाढलं म्हणजे कुठून तरी आलं, आणि येण्यासारखी जागा एकच, सळ्यांच्या आतून. धातूने आतलं फील्ड स्वतःहून बाहेर ढकललं होतं आणि त्या रेषा शेजारच्या फटीत येऊन दाटल्या होत्या. आकडे मांडले तर ते जवळपास असे जुळले की जणू सळ्यांच्या आत फील्ड शून्य आहे. म्हणजे सिमेंट सुकता सुकता कुत्र्याचं पाऊल बाहेर फेकून देऊन सपाट झालं!

त्यांनी 'डी नाटुरविसेन्शाफ्टेन' या जर्मन साप्ताहिकाला एक छोटी चिठ्ठी पाठवली, तारीख १६ ऑक्टोबर १९३३, छापून आली ३ नोव्हेंबरला. शीर्षक साधं, सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होताना दिसणारा एक नवा परिणाम. जेमतेम पानभर. थिअरी नाही, समीकरणांचा डोंगर नाही, मोठमोठे दावे नाहीत. एक, बाहेरचं फील्ड असं बदलतं. दोन, शिशाची लांब नळी घेतली तर नळीच्या पोकळीतलं फील्ड मात्र होतं तेवढंच जवळपास राहतं. हा दुसरा मुद्दा लोक विसरतात, पण तो लायडनच्या पोकळ गोळ्याचं उत्तर आहे, धातू फील्ड बाहेर टाकतो, भोक मात्र धरून ठेवतं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाच माणसाने, न भांडता मांडल्या.

या एका हिसक्याने नक्की काय बदललं, ते सांगायला मी आमच्या घरच्या खोबरेल तेलाचं उदाहरण देतो. डिसेंबरात बाटलीतलं तेल गोठतं. ते हळू गोठवा, भरभर गोठवा, आधी हलवा, नंतर हलवा, त्या तापमानाला गोठलेलं म्हणजे गोठलेलं, तेलाला तुम्ही कुठल्या रस्त्याने आलात याच्याशी घेणं नाही. याला अवस्था म्हणतात, फेज. सुपरकंडक्टर नुसता चांगला कंडक्टर असता तर तो आपल्या इतिहासाचा गुलाम असता. फील्ड आधी लावा की नंतर, आत शून्यच, म्हणजे ही पदार्थाची एक वेगळी अवस्थाच आहे, आणि अवस्था म्हटली की थर्मोडायनॅमिक्स लावता येतं, एनर्जीचा हिशोब करता येतो, थिअरी उभी राहू शकते. हॉलंडमध्ये गोर्टरने त्याच वर्षी असं गणित मांडून पाहिलं होतं, ते आत फील्ड शून्य धरलं तरच नीट बसत होतं, आणि बर्लिनने ते मोजूनच हातात दिलं. १९११ ते १९३३ ही बावीस वर्षं लोक सुपरकंडक्टिव्हिटीचा अर्धाच भाग पाहत होते.

हे सगळं घडत असताना बाहेर काय चाललं होतं, तेही याच प्रकरणाचा भाग आहे. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चान्सेलर झाला. एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा. १ मे पासून पीटीआरचा प्रेसिडेंट कोण, तर योहानेस श्टार्क, नोबेलवाला, पण आइनस्टाइनचं फिजिक्स 'ज्यू फिजिक्स' आहे आणि आपल्याला 'जर्मन फिजिक्स' हवं असं म्हणणारा कट्टर नाझी. आइनस्टाइन स्वतः कित्येक वर्षं या संस्थेच्या सल्लागार मंडळावर होता, हे लक्षात घ्या. सप्टेंबरात वुर्झबुर्गच्या फिजिक्स काँग्रेसमध्ये लाऊएने गॅलिलिओची गोष्ट सांगितली, चर्चने दाबला तरी पृथ्वी फिरायची राहिली नाही वगैरे, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं की गॅलिलिओ म्हणजे आइनस्टाइन. त्याच लाऊएने श्टार्कला प्रशियन अकॅडमीत येऊ दिलं नाही. श्टार्कने सूड घेतला, वर्ष संपता संपता लाऊएचं पीटीआरमधलं सल्लागारपद काढून घेतलं. म्हणजे ज्या प्रश्नातून शोध लागला तो प्रश्न विचारणारा माणूस शोध छापून आल्यानंतर दोनेक महिन्यांत संस्थेबाहेर. १९३४ मध्ये माइसनरही बर्लिन सोडून म्युनिकला टेक्निकल फिजिक्सचा प्रोफेसर म्हणून गेला. दहा-पंधरा वर्षं घासून उभी केलेली लॅब मागे टाकून.

आणि थिअरी? ती फ्रिट्झ आणि हाइन्झ लंडन या दोन भावांनी १९३५ मध्ये दिली, माइसनरच्या निकालाला पहिल्यांदा समीकरणात बसवणारी. दोघं जर्मन, दोघं ज्यू. ती लिहिली मात्र ऑक्सफर्डमध्ये, कारण जर्मनीत त्यांना जागा उरली नव्हती. बर्लिनमध्ये मोजलं, समजलं ऑक्सफर्डमध्ये. श्टार्कच्या 'जर्मन फिजिक्स'चा हिशोब असा झाला.

माइसनर स्वतः यात कुठे होता? तो लाऊएसारखा स्टेजवर उभा राहून बोलणारा नव्हता, आणि त्याला ओढूनताणून हिरो करायची माझी इच्छा नाही, तो काम करत राहिला. पण युद्ध संपल्यावर बव्हेरियन अकॅडमीला प्रेसिडेंट हवा होता तेव्हा तो झाला, आणि १९४६ मध्ये त्याच अकॅडमीत कमी तापमानाच्या संशोधनासाठी वेगळं कमिशन काढून परत लॅब उभी करायला बसला, वय वर्षं त्रेसष्ट. जागा अमरझे तळ्याकाठच्या हेर्शिंग गावात. म्युनिकच्या टेक्निकल फिजिक्सच्या खुर्चीवर त्याच्यानंतर १९५२ मध्ये हाइन्झ मायर-लाइबनिट्झ आला, ज्याचा विद्यार्थी रुडॉल्फ मोसबाउअर, १९६१ चं नोबेल. म्हणजे हे 'टेक्निकल' खातं काही दुय्यम नव्हतं. माइसनरला स्वतःला नोबेल मिळालं नाही. मिळायला हवं होतं असं माझं मत आहे, सुपरकंडक्टिव्हिटीची नोबेलं मोजायला बसलं की ही गैरहजेरी डोळ्यात खुपते. आणि ऑक्सेनफेल्डचं तर नावसुद्धा अर्ध्या पुस्तकांत गाळतात, कॉइल फिरवणारा हात कोणाचा होता याची कोणाला पडलीय.

आज मात्र कोणी "मला नवा सुपरकंडक्टर सापडला" म्हणालं की पहिला प्रश्न माइसनरचाच येतो, रेझिस्टन्स दाखवू नका, फील्ड बाहेर टाकतो का ते दाखवा. रेझिस्टन्स फसवतो, एखादी वायर निसटली तरी मीटर शून्य दाखवतो. २०२३ च्या जुलैत कोरियाहून ते एलके-९९ आलं होतं आठवतंय? रूम टेंपरेचरचा सुपरकंडक्टर, अर्धवट तरंगणाऱ्या खड्याचा व्हिडिओ, एक कड मॅग्नेटला टेकलेलीच. व्हॉट्सॅपवर दोन आठवडे धिंगाणा. आपल्या दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीनेही तो पदार्थ बनवून तपासला, सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही. रेझिस्टन्सची ती उडी शेवटी निघाली कशाची, तर त्यात राहिलेल्या कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीची. माइसनरच्या १९२९ वाल्या काळ्या पावडरीचाच भाऊबंद, तांब्याचं प्रमाण वेगळं एवढंच. आणि अर्धवट तरंगणं साध्या चुंबकत्वाचं.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या कुलाब्याचं आहे. टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, २०१६ साली बिस्मथ हा सुपरकंडक्टर असल्याचं दाखवलं, तापमान किती, तर ०.०००५३ केल्विन. एक केल्विनचा दोन हजारावा भाग. आणि जे फील्ड हा गुण मोडून टाकतं ते पृथ्वीच्या फील्डच्या साधारण आठव्या-दहाव्या हिश्शाएवढं, म्हणजे बाहेरचं सगळं फील्ड अडवल्याशिवाय काही दिसणारच नाही. तिथेही पुरावा म्हणून धरला तो बिस्मथच्या क्रिस्टलने फील्ड बाहेर टाकण्याचा सिग्नल. कॉइल वेगळी, इलेक्ट्रॉनिक्स शंभरपट नाजूक, प्रश्न तोच, "आता किती?"

त्या १९३३ च्या चिठ्ठीतली शिशाची नळी आठवते ना, भोकात फील्ड धरून ठेवणारी? १९६१ मध्ये हेर्शिंगच्या त्याच तळ्याकाठच्या लॅबमध्ये डॉल आणि नेबाउअर या दोघांनी केसाहून बारीक क्वार्ट्झच्या काडीवर शिशाचा पापुद्रा चढवला, म्हणजे शिशाची नळीच, फक्त भोक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं. ती फील्डमध्ये ठेवून थंड केली, मग फील्ड काढून आत किती अडकलं ते मोजलं. अडकलेलं फील्ड वाटेल तेवढं नसतं असं दिसलं. ठरावीक घासांतच अडकतं, एक घास, दोन घास, मधलं काही नाही, आणि एकेक घास फ्रिट्झ लंडनने सांगितला होता त्याच्या साधारण अर्धा, कारण इलेक्ट्रॉन एकेकटे जात नाहीत, जोडीने जातात. अमेरिकेत स्टॅनफर्डलाही डीव्हर आणि फेअरबँक यांना त्याच वेळी हेच सापडलं, दोन्ही लेख फिजिकल रिव्ह्यू लेटर्सच्या एकाच अंकात आले. माइसनर तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा होता. लॅब १९६५ मध्ये गार्शिंगला हलली, पुढे तिला त्याचंच नाव मिळालं. तो १६ नोव्हेंबर १९७४ ला म्युनिकमध्ये गेला, शेवटची काही वर्षं एकटाच राहत होता, सोबतीला दोन मांजरं.